शेफालीच्या नावाचा डबा

माळ्यावरचा डबा घराबाहेर गेला, हे नीरजाबाईंना नाताळच्या दिवशी सकाळी सव्वाआठला कळलं, म्हणजे उपासनेला निघायच्या बरोबर पंधरा मिनिटं आधी. आठ वर्षं त्या डब्याला कोणी हात लावला नव्हता. तो हलवायला घरात नवा माणूस यावा लागला.

नवा माणूस म्हणजे जावई. साई मूळचा वर्ध्याचा, नोकरीला हिंजवडीत, आणि फेब्रुवारीत नम्रताशी लग्न झाल्यापासूनचा हा त्याचा पहिलाच नाताळ. तो त्याने असा मनावर घेतला होता की सासूबाईंनाच थोडं ओशाळल्यासारखं व्हावं. बाल्कनीत चांदणी टांगताना तो स्टुलावरून पडला, खोबरं किसताना बोट किसून घेतलं, करंज्यांना कातणं फिरवलं, आणि काल दिवसभर स्कूटरवरून ताटं वाटत हिंडला.

ताटं वाटायची ही रीत नीरजाबाईंच्या आईची, मालनबाईंची. दिवाळीला शेजारपाजारच्या घरांतून फराळाची ताटं येतात. ती धुऊन कपाटात ठेवायची आणि नाताळाला करंज्या, चकल्या, केक घालून परत करायची. ज्याचं नाव भांड्यावर घातलेलं असेल, त्याच्या घरी ते भरूनच जायला हवं. रिकामं भांडं परत करणं म्हणजे मालनबाईंच्या लेखी बोलावून हाकलून देण्यासारखं होतं.

"एकोणीस ताटं आणि एक डबा," साईने आरशासमोर टाय सारखा करत हिशोब दिला. "सगळं पोहोचवलं, आई. टेन्शन घेऊ नका."

"डबा कुठला?" नीरजाबाई पदराला पिन लावता लावता थांबल्या. "डबा नव्हता काही. ताटंच होती."

"अहो, तो माळ्यावरचा. मोठं पातेलं काढायला तुम्ही मला वर चढवलं ना, त्याच्यामागे होता. कडीचा. त्याच्यावर नाव होतं, शेफाली म्हणून. मी म्हटलं, हा राहूनच गेला दिसते. धुतला, भरला आणि देऊन आलो कसबा पेठेत."

नम्रताच्या हातातला कंगवा केसांतच राहिला. सुदर्शनराव सोफ्यावर बसून बूट घालत होते. ते आता एकाच बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधू लागले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ही विद्या कमावली होती: घरात वादळाची चिन्हं दिसली की त्यांना कमी ऐकू येई.

"तुम्हीच तर म्हटलं होतं," साईचा आवाज जरा बारीक झाला. "ज्याचं नाव, त्याच्या घरी. काही चुकलं काय?"

"नाही," नीरजाबाई म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही. चला, उशीर होतोय."

पण चेहरा असा झाला होता की गाडीत मागच्या सीटवर साईने बायकोला हळूच विचारलं, "कोण आहे शेफाली?" आणि नम्रताने आणखी हळू सांगितलं, "आईची सख्खी बहीण." मांजरी गावाजवळचे उसाचे उरलेसुरले फड आणि त्यांच्यामागचे नवे टॉवर मागे पडत गेले.

सख्खी बहीण, धाकटी, साठीला टेकलेली. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तिचं सगळं नीरजाबाईंनी केलं. कूस बदलणं, न्हाऊमाखू घालणं, बारीक केलेला भात चमच्याने भरवणं. शेफाली कसबा पेठेत, म्हणजे जेमतेम तासाभरावर. ती यायची चार-चार महिन्यांनी. शेवटची आली ती तांदळाची खीर घेऊन, त्या डब्यात. वीस मिनिटं बसली, आईकडे न बघता खिडकीकडे बघत राहिली आणि बसचं निमित्त काढून गेली. महिन्याने आई गेली, तेव्हा ही बाई मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला. दफनाच्या वेळी धापा टाकत पुढे आली, तशी नीरजाबाईंनी साऱ्या मंडळीसमोर सांगितलं, "पाहुण्यांनी मागे उभं राहिलं तरी चालतं." त्यानंतर दोघी बहिणींत एक शब्द झाला नव्हता. डबा मात्र ओट्यावर राहिला होता. तो नीरजाबाईंनी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर, पार मागे, सारला होता.

चर्चच्या फाटकाशी भाऊ भेटला. इंद्रजीत, तिघांतला शेंडेफळ, नाताळाला दरवर्षी तोच मरून रंगाचा कोट घालणारा. ताईचा चेहरा पाहून त्याने लगेच पाळकसाहेबांशी हस्तांदोलन करायला वळायचा प्रयत्न केला. नीरजाबाईंनी कोटाची बाही धरली.

"कसबा पेठेचा पत्ता साईला कोणी दिला?"

"त्याने फोन करून विचारला. मी दिला."

"कशाला विचारतोय, हे विचारलं नाहीस?"

"ताई, कोणी पत्ता विचारला तर पुण्यात काय नाही म्हणतात का?"

"म्हणतात," नीरजाबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या लक्षात आलं होतं. मला शिकवू नकोस."

इंद्रजीतने आजूबाजूला पाहिलं. मग एकदम हत्यार टाकावं तसा बोलला, "आलं होतं लक्षात. आणि आता सगळंच सांगतो, म्हणजे नंतर हप्त्याहप्त्याने शिव्या नकोत. मी महिन्यातून एकदा शेफूताईकडे जेवतो. सहा वर्षं झाली. कोथिंबिरीच्या वड्या अजून तशाच करते. आणि आज ती जेवायला येते आहे तुझ्याकडे. सकाळी सातला मला फोन आला. रडत होती आणि विचारत होती, ताईला अजून मोतीचुराचे लाडू चालतात का."

आठ वर्षं जो भाऊ आपल्या बाजूचा म्हणून धरून चाललो, तो वड्या खाऊन आला होता. नीरजाबाईंना राग यायला हवा होता आणि तो आलाही. पण त्याच्या पाठोपाठ जे आलं, त्याला राग म्हणता येत नव्हतं. ती भीती होती, आणि कसली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उपासनेत त्यांचं लक्ष लागलं नाही. पाळकसाहेब नेमके कृपेवरच बोलले. नाताळाला दुसऱ्या कशावर बोलणार? दैवी दया लायकी बघत नाही, दारात येऊन उभी राहते, वगैरे. नीरजाबाईंनी तीस वर्षं संडे स्कूल चालवलं होतं, त्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. शेजारी बसलेली नम्रता कानाशी लागली.

"आई, तुझ्या परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न असायचा. कृपा म्हणजे काय, पाच गुण. 'लायकी नसताना' हे शब्द आले नाहीत तर अर्धा गुण कापायचीस. माझासुद्धा कापला होतास."

"बरोबरच कापला होता. समोर बघ."

"तू मावशीला सांगणार आहेस का, डबा चुकून आला म्हणून?"

"मग काय खोटं बोलू? नाताळच्या दिवशी?"

"खोटं नको बोलूस. नुसती गप्प बस. आठ वर्षं तेच तर केलंस."

लेकीची जीभ आपल्यावरच गेली आहे, हे नीरजाबाईंना मान्य करावं लागलं. त्या उठून गीताला उभ्या राहिल्या आणि गीताचं पुस्तक उलटं धरून दोन कडवी म्हणाल्या.

साडेबाराला बेल वाजली. दार साईने उघडलं. तो सकाळपासून प्रायश्चित्त घेतल्यासारखा घरभर धावत होता. दारात शेफाली उभी होती. केस पूर्ण पांढरे झालेले, जांभळी साडी आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून डब्याची कडी दिसत होती. नीरजाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांना आधी एवढंच दिसलं, की शेफालीची उभं राहायची ढब आता अगदी आईसारखी झाली आहे.

"ये," त्या म्हणाल्या.

"आले," शेफाली म्हणाली.

एवढ्या संभाषणावर दोघींची शक्ती संपली. सुदर्शनरावांनाच मग पुढे व्हावं लागलं आणि त्यांना अचानक उत्तम ऐकू यायला लागलं. "या, या. उन्हातून आलात. बसने की रिक्षाने? साई, पाणी आण. अहो, आमच्याकडचं मटण तुमच्याइतकं कोणी नावाजत नाही हो."

जेवण झोकात झालं. मटण, पुऱ्या, पुलाव, कांद्याची कोशिंबीर. इंद्रजीत दोन्ही बहिणींच्या मध्ये बसला आणि दोघींना आळीपाळीने वाढून आपली बाजू नक्की कुठली, ते कोणालाच कळू देईना. जेवणाआधी प्रार्थना त्यानेच केली आणि करता करता वाहवत गेला. "प्रभू, नीरजाताईने जे पहिलं पाऊल उचललं, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो," असं त्याने डोळे मिटून, गळा भरून म्हटलं. नीरजाबाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. साईचेही डोळे उघडे होते. सासू-जावयाची नजरानजर झाली आणि साईने घाईने पुन्हा मिटले.

"आमेन," सगळे म्हणाले. नीरजाबाईंनी तेवढ्यात मटणाचं पातेलं पुढे ओढलं.

मग साईने वर्ध्याकडचे किस्से सांगितले, शेफाली दोनदा मोठ्याने हसली. तिचं हसणंही जुनंच होतं, मधेच श्वास अडकल्यासारखं. त्या हसण्याने नीरजाबाईंना आणखीच अस्वस्थ केलं. एखादी वाईट बाई येऊन बसली असती तर बरं झालं असतं. ही तर शेफूच होती.

पुऱ्यांची दुसरी खेप तळायला त्या आत गेल्या. पाठोपाठ शेफाली आली आणि न सांगता लाट्या करायला बसली.

"शेफू," नीरजाबाई कढईकडे बघत म्हणाल्या, "तो डबा मी पाठवला नाही. साईला माहीत नव्हतं. त्याने चुकून नेला."

"माहीत आहे मला."

नीरजाबाईंनी मान वळवली.

"पोरगा दारात हेल्मेट घालूनच उभा," शेफाली लाटी गोल करत म्हणाली. "म्हणाला, तुमचा डबा आमच्याकडे राहून गेला होता. मी विचारलं, किती दिवस? म्हणाला, ते नाही माहीत, पण धूळ लय होती. धुतला होता त्याने, पण माझ्या नावाच्या अक्षरांत माती तशीच. तू पाठवला असतास तर दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून पाठवला असतास. मी तुला ओळखत नाही का?"

"मग आलीस कशाला?"

"दार उघडं दिसलं म्हणून. चुकून का होईना." ती थांबली. "आणि ताई, माझ्याकडे सांगण्यासारखं कारण काही नाही. इंद्रजीतला वाटतं, माझं काहीतरी दुखणं असेल, अडचण असेल. काही नव्हतं. मला आईला तसं बघवत नव्हतं. भित्री होते मी. तू सगळं करत होतीस म्हणून मी भित्री राहू शकले. माफी मागायला पाहिजे, तर तीही कशाच्या जोरावर मागू?"

नीरजाबाईंनी गॅस बंद केला. तेल चांगलं तापलेलं असताना गॅस बंद करणं हे त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेल. त्या ओट्याला टेकल्या. गेली आठ वर्षं जे कोणालाही सांगितलं नव्हतं, सुदर्शनरावांना नाही, प्रार्थनेतसुद्धा आडवळणानेच, ते आता बोलायचं होतं.

"शेवटच्या आठवड्यात आई तुझं नाव घेत होती," त्या म्हणाल्या. "तीन दिवस. शेफूला बोलाव, शेफूला बोलाव. मी म्हटलं, हो, फोन केलाय, ती कामात आहे. मी फोन केला नव्हता. मला वाटलं, करते मी आणि आठवण हिची. मला राग आला होता. आणि मग मी तुला मंडळीसमोर मागे उभं केलं. तुझा डबा मी लपवला, शेफू, रागाने नव्हे. तो दिसला की मला ते तीन दिवस दिसायचे."

शेफालीच्या हातातली लाटी तशीच राहिली. बाहेर इंद्रजीत काहीतरी सांगत होता आणि नम्रता हसत होती. नीरजाबाईंना वाटलं, आता ही उठेल, चपला घालेल आणि जाईल, आणि गेली तर ते बरोबरच असेल. तीस वर्षं पोरांना शिकवलेलं उत्तर त्यांना शब्दन् शब्द येत होतं, पण त्या उत्तरातला तो लायकी नसलेला माणूस म्हणजे आपणच, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आता कृपेशिवाय त्यांच्यापाशी मागायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

मग शेफाली म्हणाली, "तू फोन केला असतास ना, तरी मी आले असते की नाही, मला सांगता येत नाही."

"असं म्हणू नकोस. माझ्यासाठी म्हणू नकोस."

"तुझ्यासाठी नाही म्हणत. खरं तेच म्हणते." तिने डोळे पुसायला हात वर केला आणि कपाळभर कणीक लावून घेतली. "मला दुखलं, ताई. दुखत राहील. पण मी परत कसबा पेठेत जाऊन आठ वर्षं एकटीने कुढत बसणार नाही. कंटाळा आला मला."

तेव्हा मात्र नीरजाबाई रडल्या. शेफालीही रडली आणि थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकवून राहिली. दोघींच्याही हाताला तेल आणि कणीक असल्यामुळे एकमेकींना धड जवळ घेता येईना, म्हणून त्या कोपरांनीच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

दारात साई आला, हातात रिकामी परात. "आई, पुऱ्या संपल्या... मी नंतर येतो."

"थांब," नीरजाबाई नाक ओढत म्हणाल्या. "गॅस लाव. आणि पुढच्या वर्षी धुतलेलं भांडं मला दाखवल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही. अक्षरांत माती ठेवून भांडी वाटतोस."

"सॉरी, आई."

"सॉरी काय. आता दरवर्षी तूच वाट ताटं," त्या म्हणाल्या. ही सासूबाईंची शाबासकी आहे, हे साईला बायकोने समजावून सांगेपर्यंत कळलं नाही.

पाच वाजता शेफाली निघाली. इंद्रजीत तिला सोडणार होता. आता चोरून जायची गरज राहिली नव्हती, त्यामुळे तो थोडा हिरमुसलाही होता. ती चपला घालत असताना नीरजाबाईंनी आठवण करून दिली.

"डबा राहिला तुझा."

"राहू दे. वड्या आहेत त्यात. संपव आणि मग बघ काय करायचं ते." ती लिफ्टपाशी जाऊन वळली. "रिकामा मात्र पाठवू नकोस. आई वरून बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शनराव चहा घ्यायला आले, तेव्हा नीरजाबाई सिंकपाशी उभ्या होत्या. हातात दात घासायचा जुना ब्रश, समोर डबा. शे, फा, ली. एकेक अक्षर त्या घासत होत्या. आईने दोघींच्या लग्नात एकाच दुकानातून दोन सारखे डबे घेतले होते आणि शेजारी उभं राहून नावं घालून घेतली होती, अक्षरं वाकडी आली म्हणून दुकानदाराशी भांडली होती. ती अजूनही वाकडीच होती. डबा पुसून कोरडा झाल्यावर त्यांनी तो करंज्यांनी काठोकाठ भरला आणि वर मोतीचुराचे चार लाडू ठेवले.

साईने पाहिलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. "द्या आई. मला घर सापडते आता. दोन तासांत देऊन येतो."

"तू चल," नीरजाबाईंनी डबा पिशवीत घालून पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "स्कूटर नको, गाडी काढ. त्या गल्लीत गाडी लावायला जागा नसते, तेव्हा तू खाली गाडीतच बसून राहा. वर मी जाईन."